पिशवीची जाडी कोण मोजणार?

पत्रिकेवर विषय छापला आहे 'एकदा वापरायचं प्लास्टिक आणि नगरपालिकांचे नियम', आणि वक्ता आहे तत्त्वज्ञानाचा एक निवृत्त प्राध्यापक. संबंध काय, असं दोघातिघांनी दारातच विचारलं. संबंध आहे. वर्गात आम्ही वर्षानुवर्षं एक जुनं ग्रीक कोडं शिकवत आलो. मिलेटसच्या युबुलिडीसच्या नावावर ते सांगितलं जातं. धान्याचा एक दाणा म्हणजे रास नव्हे. दोन दाणे म्हणजेही रास नव्हे. एकेक दाणा टाकत गेलो तर रास नेमकी कोणत्या दाण्याला झाली? विद्यार्थी हसायचे, परीक्षेपुरतं लिहायचे आणि विसरून जायचे. पण नगरपालिकेच्या आरोग्य खात्यापुढे हे कोडं रोज सकाळी गटाराच्या तोंडाशी उभं असतं. एका पिशवीने नाला तुंबत नाही. दुसऱ्या पिशवीनेही तुंबत नाही. मग नाला तुंबवला कुणी? आणि दंड कुणाला करायचा?

या प्रश्नाला कायद्याने गेल्या तीसेक वर्षांत काय काय उत्तरं दिली, ते आज आपल्याला पाहायचं आहे. आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागच्या रांगेतल्यांना शेवटपर्यंत ताटकळायला नको. कायद्याने बराच काळ पिशवीची जाडी मोजली, आणि ती मोजण्याचं यंत्र फिरत फिरत येऊन टेकलं ते भाजीवालीच्या पाटीवर. कारखान्यापर्यंत ते क्वचितच पोहोचलं. हे कुणी कट करून घडवलं असं आम्ही म्हणत नाही. अधिकारांची वाटणीच तशी होती.

प्रथम पिशवीविषयी. आज जी बंडीच्या आकाराची, दोन कान असलेली पिशवी आपण ओळखतो, ती स्वीडनमधल्या सेलोप्लास्ट या कंपनीत स्टेन गुस्ताफ थुलिन नावाच्या माणसाने घडवली. तिचं अमेरिकी पेटंट १९६५ सालचं. म्हणजे आमच्यापेक्षा ती वयाने लहान आहे. १९८२च्या सुमारास अमेरिकेतल्या सेफवे आणि क्रोगर या मोठ्या किराणा साखळ्यांनी कागदी पिशव्यांच्या जोडीला ती आणली, आणि आपल्या बाजारात ती खऱ्या अर्थाने पसरली ती त्यानंतर, नव्वदच्या दशकात.

त्याआधी काय होतं, हे इथल्या पांढऱ्या केसांना सांगायला नको. रद्दीच्या कागदाची पुडी, वर दोऱ्याचे चार वेढे, आणि तो दोराही घरी गुंडाळून ठेवायचा. तेलाला किटली, दुधाला बाटली, फुलांना पानाचा पुडा. लग्नात पत्रावळ आणि द्रोण. दाराच्या खुंटीला जुन्या पँटची शिवलेली पिशवी. आता या सगळ्याचे गोडवे गायचा मोह होतो, आणि अशा व्याख्यानांत ते गायलेही जातात. पण त्या व्यवस्थेत राबत कोण होतं तेही सांगावं. मासळीचा वास मारणारी पिशवी रोज घासायची बाईने, बाटल्या उकळायच्या बाईने, पत्रावळी टोचायच्याही बाईनेच, आणि त्या जंगलातून पानं गोळा करून आणणाऱ्या. पावसात कागदाची पुडी भिजून साखर रस्त्यावर सांडायची ती वेगळीच. प्लास्टिकची पिशवी आली तेव्हा तिचं स्वागत झालं ते यामुळे. लोक मूर्ख होते म्हणून त्यांनी ती घेतली, असं जो इतिहास सांगतो त्याच्यावर आमचा विश्वास नाही.

ती फुकट मिळू लागली, इथे गोष्ट बदलली. फुकट का मिळू लागली, याचं एक साधं गणित आहे. प्लास्टिक किलोवर विकलं जातं, पिशवी मात्र नगावर वाटली जाते. आठ इंच बाय बारा इंच ही आपल्या नियमांमध्ये वारंवार येणारी मापाची पिशवी घ्या. तिची फिल्म २० मायक्रॉनची असेल तर एका पिशवीचं वजन अडीच ग्रॅमच्या आत येतं, आणि किलोला सव्वाचारशेच्या आसपास पिशव्या बसतात. हीच पिशवी १० मायक्रॉनची काढली तर दुप्पट. ५० मायक्रॉनची काढली तर किलोला जेमतेम १७०. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो म्हणतात, आमच्या डोक्यावर आता मोजायला फारसे उरलेले नाहीत. तर मुद्दा असा, की दुकानदाराला पिशवी फुकट द्यायची तर ती पातळ हवी, आणि जितकी पातळ तितकी ती द्यायला सोपी.

आणि जितकी पातळ तितकी ती उचलायला अवघड. हा दुसरा भाग. आपल्याकडे कचरा कोण वेचतं? पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ साली उभी राहिली, डॉ. बाबा आढावांसारख्यांच्या पुढाकाराने, तेव्हा कुठे शहराला कळलं की आपल्या भंगाराची सगळी व्यवस्था हजारो बायकांच्या पाठीवर चालली आहे. या बायकांचा हिशोब पक्का असतो. बाटलीला भाव आहे, पुठ्ठ्याला आहे, जाड प्लास्टिकला आहे. चहाची पत्ती आणि भाजीची देठं चिकटलेल्या, अडीच ग्रॅमच्या पिशवीला भाव नाही. किलोभर भरायला चारशे वेळा वाकायचं, आणि ते धुवायचं कुठे? म्हणून ती पिशवी तिथेच राहते. पाऊस पडला की नाल्यात जाते. गाय खाते.

देशपातळीवरचा पहिला नियम आला १९९९ साली, पुनर्चक्रित प्लास्टिकच्या उत्पादन आणि वापराचे नियम. त्यात २० मायक्रॉनची किमान जाडी घातली गेली. पुष्कळ लोक आज या नियमाला हसतात. आम्ही हसणार नाही. त्यामागे विचार होता. पिशवी जाड झाली की महाग होईल, महाग झाली की दुकानदार फुकट देणार नाही, आणि दिलीच तर वेचणारी ती उचलेल, कारण तिला वजन येईल. एका आकड्याने तिन्ही गोष्टी साधायच्या होत्या. कागदावर हे सुंदर आहे. त्या आधीच्या वर्षी, १९९८ साली, सिक्कीमने सरळ बंदीचा रस्ता धरला होता, पण डोंगरातल्या छोट्या राज्याला जे जमतं ते सगळ्यांना जमेल असं दिल्लीला वाटलं नसावं.

मात्र त्या आकड्याची अंमलबजावणी कुणी करायची? कारखाना पाहायचा राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने. वापर पाहायचा जिल्हा प्रशासनाने. आणि पिशवी उचलायची नगरपालिकेने. राज्यघटनेच्या ७४व्या दुरुस्तीने जी बारावी अनुसूची आली, तिच्यात घनकचरा हे काम नगरपालिकांच्या यादीत स्पष्ट लिहिलं आहे. कारखान्याला परवानगी देणं त्या यादीत नाही. अल्मित्रा पटेल यांनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, त्यातून २००० सालचे घनकचऱ्याचे नियम आले, आणि शहरांची जबाबदारी आणखी पक्की झाली. जबाबदारी पक्की झाली, अधिकार तेवढेच राहिले. ज्याच्या अंगणात घाण पडते त्याच्या हातात झाडू आहे, पण जिथून ती येते त्या दाराची किल्ली दुसऱ्याकडे आहे. पुढचा सगळा इतिहास या एका गोष्टीभोवती फिरतो, म्हणून तेवढी लक्षात ठेवावी.

हे फक्त आपल्याकडेच झालं असं मात्र नाही. १९८८ साली न्यूयॉर्क राज्यातल्या सफोक काउंटीने, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेच्या तोलाच्या संस्थेने, किराणा दुकानांतल्या प्लास्टिक पिशव्यांवर आणि काही खाद्यपदार्थांच्या प्लास्टिक वेष्टनांवर बंदी घालणारा कायदा केला. प्लास्टिक उद्योगाची संघटना कोर्टात गेली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली संघटनेला दावा चालवायचा अधिकारच नाही असा निकाल दिला, पण तोवर काउंटीचा उत्साह ओसरला होता आणि कायदा प्रत्यक्षात कधी नीट लागू झाला नाही. त्याच १९८८ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराने खाण्याच्या पदार्थांसाठी थर्माकोल बंद केलं. ते मात्र टिकलं. विद्यापीठाचं गाव, लोक वाद घालायला तयार आणि नियम पाळायलाही तयार. आमच्या ओळखीची अशी गावं थोडी आहेत.

आपल्या जवळचं मोठं उदाहरण ढाक्याचं. १९८८ आणि १९९८च्या पुरांत पातळ पिशव्यांनी गटारं तुंबली असं तिथे मानलं गेलं, आणि २००२ साली आधी ढाक्यात, मग सबंध बांगलादेशात या पिशव्यांवर बंदी आली. जगातली ही पहिली देशव्यापी बंदी म्हणून तिची नोंद होते. पुरानंतर बंदी, हा क्रम ध्यानात असू द्या, कारण तीन वर्षांनी तो आपल्याकडे आला.

२६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेने २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला. त्या दिवशी मुंबईत कोण कुठे अडकलं होतं, हे प्रत्येकाला आठवतं, त्यात शिरत नाही. शेकडो माणसं गेली. पाणी ओसरल्यावर नाल्यांतून जे बाहेर निघालं त्यात पिशव्यांचे थरच्या थर होते, आणि वर्तमानपत्रांतली छायाचित्रं त्यांचीच होती. महिन्याभरातच राज्य सरकारने पिशव्यांवर बंदीची घोषणा केली.

इथे आम्हाला थोडं थांबायचं आहे, कारण इतिहासात आरोपी कसा ठरतो हे इथे दिसतं. मुंबईची पावसाळी गटारं बांधली गेली होती ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी, आणि तीही ओहोटी असेल तर. ती वाढवा असं सांगणारा ब्रिमस्टोवॅड अहवाल १९९३ सालीच महापालिकेच्या कपाटात आला होता. मिठी नदीवर विमानतळाची धावपट्टी होती, तिच्या मुखाशी भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं होतं, खारफुटी गेली होती. माधवराव चितळे यांच्या सत्यशोधन समितीने हे सगळं नंतर सविस्तर मांडलं. पिशव्या दोषी नव्हत्या असं कुणी म्हणू नये, नाल्याची जाळी त्यांनी गच्च केली हे खरंच आहे. पण धावपट्टीला नोटीस देता येत नाही. बारा वर्षं पडून राहिलेल्या अहवालाला दंड करता येत नाही. पिशवीला करता येतो. कितीतरी दोषींमधून हाताशी लागला तो गुन्हेगार ठरला. तर्कशास्त्रात याला काय म्हणतात ते सोडा, आपल्या गावाकडे याला चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे संन्यासीही थोडा चोर होता एवढाच फरक.

घोषणा बंदीची झाली, पण २००६ साली नियम हातात आले तेव्हा त्यात पुन्हा जाडीच होती. महाराष्ट्रात ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवी चालणार नाही. देशाचा नियम तेव्हा २० मायक्रॉनचा, पुढे २०११ साली तो ४० झाला, २०१६ साली ५०. म्हणजे महाराष्ट्र दहा वर्षं देशाच्या पुढे होता. आकड्यात पुढे होता.

आता हा आकडा रस्त्यावर कसा दिसतो ते पाहू. ४० मायक्रॉन आणि ५० मायक्रॉन यांतला फरक डोळ्याला दिसत नाही आणि बोटालाही नीट कळत नाही. तो कळायला यंत्र लागतं. ते यंत्र निरीक्षकाच्या खिशात. भाजीवालीने घाऊक दुकानातून पन्नासची म्हणून गड्डी घेतली, ती खरंच पन्नासची आहे का हे तिला मरेपर्यंत कळणार नाही. नियम मोडणाऱ्याला आपण नियम मोडतो आहोत हे कळायला हवं, हे दंडशास्त्राचं अगदी प्राथमिक तत्त्व आहे. मायक्रॉनच्या नियमाने ते तत्त्व बाजारात उलटं केलं. कायदा पाळला की मोडला हे ज्याला फक्त यंत्रवाला सांगू शकतो, तो कायदा आपोआप यंत्रवाल्याच्या मर्जीचा होतो. मर्जी आली की तिच्यामागे काय काय येतं हे सभागृहाला सांगायला नको.

आणि गड्डी येत कुठून होती? राज्यातले कारखाने तपासले, काही बंद केले, तरी शेजारच्या राज्यांतून ट्रक येत राहिले, कारण तिथे पातळ पिशवी काढणं बराच काळ बेकायदा नव्हतं. महापालिकेने तो ट्रक अडवायचा कुठे?

नेमकी हीच गुंतागुंत कॅलिफोर्नियात निराळ्या वाटेने झाली, आणि ती आपल्याला फार शिकवणारी आहे. सॅन फ्रान्सिस्को शहराने २००५ साली पिशवीमागे १७ सेंट आकारायचा विचार केला. दुकानदारांशी बोलणी झाली, आपणहून पिशव्या कमी करण्याचा समझोता झाला, तो फसला. दरम्यान २००६ साली राज्याने पिशव्यांच्या पुनर्चक्रणाचा एक कायदा केला आणि त्यातच एक ओळ घातली, की स्थानिक संस्थांना प्लास्टिक पिशवीवर शुल्क लावता येणार नाही. बघा, सौम्य उपाय शहराच्या हातून काढून घेतला. मग शहराने उरलेला कडक उपाय उचलला. मार्च २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने मोठ्या दुकानांतल्या प्लास्टिक पिशव्यांवर बंदी घातली, अमेरिकेतल्या शहरांत पहिली. त्यानंतर मॅनहॅटन बीच नावाच्या छोट्या गावाने तसंच केलं, त्याच्यावर पिशवी वाचवणाऱ्यांच्या संघटनेने खटला भरला. हो, पिशवी वाचवणाऱ्यांचीच, नावच तसं होतं. २०११ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या बाजूने निकाल दिला. शहरामागून शहर, असं करत २०१४ साली सबंध राज्याचा कायदा झाला, उद्योगाने त्याच्यावर सार्वमत मागितलं, आणि २०१६ साली मतदारांनी थोड्या फरकाने कायदा राखला.

पण त्या कायद्यातही जाडी होतीच. पातळ पिशवी बंद, मात्र किमान १० सेंट घेऊन 'पुन्हा वापरण्याजोगी' जाड प्लास्टिक पिशवी देता येईल. पुन्हा वापरण्याजोगी म्हणजे काय? २२ पौंड वजन १७५ फूट अंतर १२५ वेळा नेता येईल अशी. आणि जाडी २.२५ मिल, म्हणजे आपल्या मापात ५७ मायक्रॉन. आपले पन्नास, त्यांचे सत्तावन्न. सात समुद्रांपलीकडे जाऊन माणसाची बुद्धी सात मायक्रॉनच पुढे सरकली. अ‍ॅरिस्टॉटल असता तर त्याने या कायद्याचा मसुदा परत पाठवला असता. १२५ वेळा नेता येणं ही पिशवीची क्षमता झाली. १२५ वेळा नेणं ही माणसाची कृती. कायद्याने क्षमता मोजली आणि कृती झाली असं धरून चालला. लोकांनी जाड पिशवी घेतली, पातळीसारखीच एकदा वापरली आणि टाकली, आणि फेकलेल्या पिशव्यांचं वजन उलट वाढल्याचं त्या राज्याच्याच आकडेवारीत दिसलं. शेवटी २०२४ साली नवा कायदा करून १ जानेवारी २०२६पासून त्या जाड पिशव्याही दुकानाच्या गल्ल्यावरून हटवायचं ठरलं.

जाडीच्या नादी न लागता ज्यांनी काही साधलं त्यांच्यात आयर्लंडचं नाव घ्यावं लागतं. मार्च २००२ मध्ये तिथे पिशवीमागे १५ सेंट कर बसला, दुकानदाराने तो स्वतः सोसायचा नाही, गिऱ्हाइकाच्या पावतीवर दाखवायचा. माणशी वर्षाला ३२८ पिशव्या होत्या, त्या २१वर आल्या. मोजायचं यंत्र नको, निरीक्षकाचा डोळा नको, पावती पुरते. पण आपल्या आठवडी बाजारात पावती कुठून आणणार? म्हणून आयर्लंड जसंच्या तसं इथे लावा असं सांगणाऱ्यांनी एकदा रविवारी सकाळी मंडईत उभं राहावं.

आता २०१८. त्या गुढीपाडव्याला महाराष्ट्रात बंदी जाहीर झाली आणि २३ मार्चला अधिसूचना निघाली. रामदास कदम तेव्हा पर्यावरणमंत्री होते. या अधिसूचनेची एक गोष्ट आम्ही मोकळेपणाने चांगली म्हणतो: तिने पिशवीसाठी जाडीचा नाद सोडला. हँडल असो नसो, पातळ असो जाड असो, पिशवी बंद. सोबत थर्माकोलच्या ताटल्या, वाट्या, पेले, प्लास्टिकचे चमचे, हॉटेलातून डाळ बांधून देतात ते डबे, अशी खाण्यापिण्याची भांडीही बंद. नियम एका वाक्यात सांगता येत होता, आणि तो मोडला की मोडणाऱ्यालाही कळत होतं. उद्योजक उच्च न्यायालयात गेले, न्यायालयाने स्थगिती नाकारली, साठा संपवायला मुदत मिळाली, आणि २३ जूनपासून निळ्या जाकिटातले महापालिकेचे निरीक्षक मुंबईच्या रस्त्यांवर उतरले. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये, दुसऱ्याला १०,०००, तिसऱ्याला २५,००० आणि तीन महिने कैद.

आठवड्याच्या आत पहिली सूट आली. किराणा दुकानदारांनी डाळ-साखर बांधायची कशी असं विचारलं, आणि ५० मायक्रॉनच्या वरच्या वेष्टनाला परवानगी मिळाली. मायक्रॉन मागच्या दाराने परत आला. त्याहून मोठी सूट तर मूळ अधिसूचनेतच होती: कारखान्यात माल भरतानाच जे वेष्टन लागतं, ते चालेल. म्हणजे वेफर्सचं चकचकीत पाकीट चालेल, शाम्पूची पुडी चालेल, पण वेफर्स घरी तळून पिशवीत विकणारी बाई ५,००० भरेल. दुधाच्या पिशवीला सूट होती, मात्र ती परत दिल्यास गिऱ्हाइकाला पैसे परत मिळावेत अशी योजना होती. सभागृहात कुणी दुधाची रिकामी पिशवी देऊन पैसे घेतले असतील तर हात वर करावा. एकही नाही. वाटलंच.

खाण्याच्या भांड्यांचं काय झालं, हे थोडक्यात सांगतो. थर्माकोल खरोखर कमी झालं. गणपतीची थर्माकोलची मखरं गेली, त्यावरही न्यायालयात धाव घेऊन झाली होती. त्या जागी कागदी पेले आले. कागदी पेल्याच्या आत प्लास्टिकचा पातळ थर असतो, नाहीतर चहा थांबेल कसा? थर्माकोल निदान दिसायला तरी थर्माकोल होतं. बर्कलीने २०१९ साली याच्यावर वेगळा उपाय केला, एकदा वापरायचा पेला हवा तर २५ सेंट जास्त, मग तो कशाचाही असो. पदार्थ कोणता हे न विचारता एकदाच वापरता का एवढंच विचारायचं. आमच्या मते या चाळीस वर्षांत कुणीही विचारलेला हा सर्वांत सरळ प्रश्न. आपल्याकडे पळसाची पत्रावळ यंत्रावर दाबून परत बाजारात आली आहे, ही चांगली बातमी, पण तिच्याखाली प्लास्टिकची फिल्म चिकटवलेली नाही ना, हे लग्नाच्या पंगतीत ताट उलटं करून कोण पाहणार?

केंद्राने १ जुलै २०२२पासून प्लास्टिकचे काटे-चमचे, ताटल्या, पेले, स्ट्रॉ, झेंडे, फुग्यांच्या काड्या अशा १९ वस्तू देशभर बंद केल्या. पिशवीसाठी मात्र पुन्हा जाडी: सप्टेंबर २०२१पासून ७५ मायक्रॉन, डिसेंबर २०२२ अखेरीपासून १२०. आपल्या मघाच्या गणितात १२० मायक्रॉनची पिशवी १४ ग्रॅमची होते, किलोला सत्तर. फुकट देणं परवडू नये हा हेतू. पण मंडईत जाऊन पाहा, मासळीची काळी पिशवी १२०ची आहे की ती फुंकर मारली तर उडते?

या पिशवीवर काय छापलेलं असायला हवं, हे २०१६च्या नियमात आहे. उत्पादकाचं नाव, त्याचा नोंदणी क्रमांक आणि जाडी. म्हणजे कायद्याने किल्ली एकदा महापालिकेच्या हाताजवळ ठेवली होती. पिशवी जप्त झाली की तिच्यावरचं नाव वाचायचं, आणि नाव नसेल तर ती कुणी विकली हे घाऊक दुकानापर्यंत, तिथून गोदामापर्यंत मागे मागे विचारत जायचं. एका महापालिकेच्या दंडाच्या पावत्या आम्ही कुतूहलाने पाहिल्या. विक्रेत्याचं नाव होतं, पत्ता होता, रक्कम होती, जप्त मालाचं वजन होतं. पिशवी कुणी बनवली यासाठी रकानाच नव्हता. एक रकाना वाढवायला विधानसभा लागत नाही, आयुक्तांचं एक परिपत्रक पुरतं. वर्षभराच्या पावत्या त्या रकान्यासह एकत्र केल्या तर कोणत्या पंधरा-वीस ठिकाणांहून शहरात माल येतो हे कळेल, आणि ती यादी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी पाठवता येईल. मंडळाने काही केलं नाही तर ते लेखी राहील.

इथे बसलेल्यांपैकी काहींचे नगरसेवकांशी बोलणं-चालणं आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. पावतीचा नमुना आम्ही झेरॉक्स करून आणला आहे, टेबलावर ठेवतो. आता प्रश्न घेऊ.